लेपाच्या केबिनमधून

पेण, ४ फेब्रुवारी १९९६

चि. जनूस रंभाताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही बरी आहोत. तुझे भावोजी धरमतरला मिठागरावर असतात, घरात मी एकटीच.

आता रागाचं. शांतीच्या वडलांनी, गडबच्या पुंडलिकरावांनी, तुला वर्कशॉपवर फोन केला. पोरगी बघायला कधी येता, असं त्यांनी विचारलं, तर तू म्हणे माल मंगळवारी मिळेल असं सांगितलंस. तुमचा भाऊ आमची चेष्टा करतो व्हय, असं ते मला म्हणाले. लग्न करायचं नाय तर तसं लिही. आई गेल्यावर तुला मीच वाढवला, मला खाली बघायला लावू नको.

रागावले तरी माया आहे तशीच,
रंभाताई

धाटाव, रोहा, ९ फेब्रुवारी

ती. रंभाताईस जनूचा सा. न. वि. वि.

चेष्टा नाही गो ताई. मला ऐकूच आलं नाही.

कंपन्यांच्या पंपाचे दांडे गाळाने झिजतात, ते आमच्याकडे येतात. बंद केबिनमध्ये दांडा फिरत राहायचा आणि मी बंदुकीने त्यावर मिठासारखी पांढरी पावडर मारायचो. ज्वाळेत ती वितळते आणि चिनीमातीसारखा लेप बसतो. इतका कडक, की कानस नुसती घसरते. पण ती बंदूक फार किंचाळते. कानात बोळे घालायचो, तरी जे जायचं ते गेलंच. डॉक्टर म्हणतात, ते परत येणार नाही. साहेबांनी आता मला पॉलिशवर घेतलंय.

कँटीनमध्ये सगळे हसले की मीही हसतो, जरा उशिरा. म्हणून हल्ली डबा मशीनपाशीच खातो.

पाहुण्यांना खरं सांग. शांतीला फसवून आणायची नाही.

तुझ्या पाया पडून,
जनू

पेण, १५ फेब्रुवारी

चि. जनूस अनेक आशीर्वाद.

गडबला जाऊन सगळं सांगितलं. पुंडलिकरावांनी चहा दिला आणि नको म्हणाले. शांती मला सोडायला एसटीच्या थांब्यापर्यंत आली. तुमच्या भावांनी स्वतःहून सांगितलं हे बरं केलं, एवढंच म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर ये.

तुझीच,
रंभाताई

रोहा, २० फेब्रुवारी

ती. रंभाताईस सा. न. वि. वि.

तू समोर बसून सावकाश बोललीस, ते बहुतेक कळलं. तुझ्या ओठांची मला लहानपणापासून सवय आहे. मग स्टोव्हवर बोंबील टाकताना तू पाठ केलीस आणि तशीच बोलत राहिलीस. त्यातलं काही कळलं नाही. सांगितलं असतं तर तू थांबली असतीस, म्हणून सांगितलं नाही. खोलीत कुणीतरी बोलतंय, हे बघून बरं वाटत होतं.

संध्याकाळी गाडी सुटताना खिडकीतून तू काहीतरी म्हणालीस. मी मान हलवली. तू डोळ्याला पदर लावलास.

काय म्हणाली होतीस, तेवढं लिही.

वाट बघणारा,
जनू