तीन बोटांवरचा ध्रुव

१ सफर
सफर महिना लागला, आणि आजपासून मी या गलबतावर! मोगादिशूहून उत्तरेला थेट सूर बंदरात, माझ्या घरी. वाट काढणारे म्हातारे मुअल्लिम हुवैशिल यांची नजर मंदावली आहे, म्हणून तारे मोजायला मला घेतलं. नाखवा बर्घश यांनी हातावर खजूर ठेवले. म्हणाले, "गैलान, डोळे तुझे, डोकं त्यांचं. दोघं मिळून एक माणूस झालात तरी पुष्कळ!" सगळ्यांत जास्त हसले ते मुअल्लिमच.

४ सफर
दिवेलागणीला तारे मोजायच्या फळीची दोरी दातांत धरली, हात लांबवून फळी क्षितिजावर टेकवली. ध्रुव तीन बोटं वर. काल दोन होता. उत्तरेकडे एक दिवसरात्र चाललं की तो एक बोट चढतो. घर जवळ येतंय ते असं दिसतं. रात्री तळलेली सुरमई होती.

७ सफर
तीनच. वारा पाठीशी, शीड तट्ट फुगलेलं, तरी तीन. मुअल्लिम म्हणतात, उलटा प्रवाह असेल. नाखवांनी मला आधी झोप काढायला सांगितलं. झोपलो. थकवा गेला नाही.

१० सफर
तीन. दिवसभर ढग, किनाऱ्याचा पत्ता नाही. पाणी माणशी एक करवंटी. कुणी कुणाशी भांडतसुद्धा नाही. 

११ सफर
संध्याकाळी आभाळ गच्च भरलेलं. एकही तारा नाही. ध्रुव मात्र होता. ढगांच्या अलीकडे.
मुअल्लिमना सांगितलं.  दाढी चाचपत ते हळूच म्हणाले, "ढगाच्या अलीकडे तारा नसतो रे. इतके दिवस आपण कुणाकडे चाललोय?"
नाखवांनी या वेळी थट्टा केली नाही. सुकाणू फिरवायला सांगितलं.

१२ सफर
गलबत पुरतं वळवलं. अंधारलं, तर तो पुन्हा गलबताच्या पुढच्या टोकासमोर. तीन बोटं.
खलाशी पुढच्या बाजूला जात नाहीत. मला जावं लागतं.

१३ सफर
वारा पडला. शीड लोंबतंय. मोजला — चार बोटं. पुन्हा मोजला. पाच.
आम्ही जागचे हललो नाही. म्हणजे तोच —
मुअल्लिमनी दोन्ही मापं विचारून घेतली, ओठांतल्या ओठांत हिशेब केला. तो किती लांब आहे, मी विचारलं. ते माझा हात हातात घेऊन बसून राहिले. त्यांचा हात गार.

१४ सफर
फळीमागे मावत नाही. अख्खा डेक उजळलाय, पण आमच्या सावल्या पडत नाहीत —
मुअल्लिम म्हणतात, बघू नकोस. न बघून कसं —
दुसरा उगवला. पहिल्याच्या शेजारी, अगदी त्याच उंचीवर. मधलं अंतर मोजायला फळी उचलली, आणि दोन्ही एकदम मिटले. आता पुन्हा उघड—