ती टेक्निक की ते टेक्निक?

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज मला ‘ट’ मिळाला! शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीत ‘ट’चे सगळे शब्द माझ्या गळ्यात. सुरुवातीलाच गाडी अडली – टेक्निक. कानामात्रा म्हणाले, ‘तंत्र’ असा अर्थ द्या आणि पुढे चला. (आमचे मुख्य संपादक. एक मात्रा इकडची तिकडे झाली तर जेवण जात नाही त्यांना.) पण कुलूप उघडायचं ‘तंत्र’ असं कोण बोलतं? शिवाय ती टेक्निक की ते टेक्निक, यावर ऑफिसात दोन तट पडले.

संध्याकाळी हॉस्पिटल. पक्षाघाताच्या झटक्यातून बाबांचे हातपाय वाचले, बोलणं जरा जड झालं, पण गिळणं गेलं. नाकातून नळी. महिनाअखेरपर्यंत गिळता आलं नाही तर पोटात नळी बसवावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात, स्वतः रांधतात, चवीनं खातात. त्यांना नळी!

बुधवार, ५ नोव्हेंबर

शब्द गोळा करतेय. नवरा म्हणाला, भांडी घासायची एक टेक्निक असते, ती फक्त तुला जमते – आणि पेपर घेऊन बसला. म्हणजे अर्थ दुसरा: कामचुकारपणा. शेजारीण म्हणाली, सासूकडून ‘हो’ म्हणवून घ्यायची तिची टेक्निक आहे. अर्थ तिसरा: लबाडी. कानामात्रांनी दोन्ही खोडले. ‘हातोटी’ आणि ‘खुबी’ हे अर्थ तेवढे वाचले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बाबांचा गिळायचा पहिला वर्ग. थेरपिस्टनं सांगितलं, ताकद लावू नका, हे सगळं टेक्निक आहे. हनुवटी छातीकडे, श्वास रोखा, गिळा, मग हलकेच खोका. चमचाभर दाट केलेलं पाणी. बाबांना असा ठसका लागला की चेहरा काळानिळा.

बाबांनी जन्मभर बस चालवली. दम परतल्यावर म्हणाले, “क्लचसारखंय हे. सांगून येत नाही.”

मंगळवार, ११ नोव्हेंबर

काही नाही. आज तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. म्हणाले, बसवा नळी, मी कंटाळलो. मी बरंच काही बोलले. सगळं फुकट. परत येताना जिन्यात थोडं रडून घेतलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वर्गात एक नवीन पेशंट बाई आल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, घशाचं ऑपरेशन झालेलं. आवाज अगदी कुजबुजीएवढा, पण जीभ तिखट! पहिला चमचा अर्धा हनुवटीवरून ओघळला, तर त्यांनी नाटकात टाळ्या पडल्यासारखं सगळ्यांना वाकून नमस्कार केला. बाबा हसले. आजारपणात पहिल्यांदाच.

मग बाबांची पाळी. घाबरून त्यांनी मान ताठ धरली. बाई कुजबुजल्या, “अहो ड्रायव्हरसाहेब, ब्रेकवरचा पाय काढा आधी.”

पाणी काही गेलं नाही. पण बाबांनी दुसरा चमचा आपणहून मागितला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

बाबांनी दाढी करून मागितली. चला, उमेद आली म्हणायची!

गुरुवार, २० नोव्हेंबर

गेलं! पूर्ण चमचा गेला! गळ्यावरचा कंठमणी वर जाऊन खाली आलेला मी डोळ्यांनी पाहिला. बाबा थोडा वेळ नुसते बसून राहिले, आतून काही परत येतंय का याची वाट बघत. काही आलं नाही. बाईंनी दोन्ही हात वर केले. थेरपिस्टनं डोळे पुसले, आणि मग आपण डोळे पुसलेच नाहीत असं दाखवलं.

तिथेच औषधाच्या पावतीमागे लिहिलं: ‘जी गोष्ट आपोआप होत होती ती बंद पडल्यावर, ती पुन्हा आपोआप होईपर्यंत मुद्दाम करत राहायची रीत.’

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कानामात्रांनी व्याख्या वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. म्हणाले, लांब आहे. मग बाबा कसे आहेत ते विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यावर म्हणाले, शेवटचा अर्थ म्हणून राहू दे. आणि लिंग? “दोन्ही लिहा,” म्हणाले. कानामात्रा आणि ‘दोन्ही’! अख्खं ऑफिस माना वळवून बघायला लागलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

नळी निघाली. बाबांनी कुस्करलेलं केळं खाल्लं आणि त्यात मीठ कमी असल्याची तक्रार केली. म्हणजे बरे झाले.

थेरपिस्टचे आभार मानले – तुमच्या टेक्निकमुळेच झालं हे. ती हसली. म्हणाली, टेक्निक तर मी पहिल्याच दिवशी दिली होती. विनय म्हणायचा!

रविवारी बाबांना आमच्याकडे आणायचं. एकटं ठेवायचं नाही, हे माझं ठरलंय. खिडकीजवळची खोली आवरली, नवी गादी घातली.

रविवार, ३० नोव्हेंबर

हॉस्पिटलात पोचले तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. शेजारी पोस्टातल्या बाई. बाबा एकेक शब्द जपून म्हणाले, “तुझ्याकडे नाही येत गं. आम्ही लग्न करतोय.”

मी बाबांची बॅग उचलली आणि बाईंना त्यांच्या घरचा पत्ता विचारला. आता त्यांना ‘बाई’ म्हणून चालायचं नाही.