ऊन नको, उजेड चालेल

आई, तुंगार्लीत पाहुण्यांच्या खोलीत बसून तुला लिहितेय. उद्या सकाळी इथल्याच, लोणावळ्याच्या कॉलेजात माझं भाषण आहे, आणि दरवेळेसारखी सुरुवात तुझ्यापासूनच करायची असं ठरवलंय. माझ्या आईला औषधामुळे कितीतरी दिवस अंधारात बसावं लागलं, असं मी म्हणते. मग मी आमचं काम सांगते आणि शेवटी टाळ्या पडतात. तू अंधारात बसलीस हे खरं आहे, आई. बसावं लागलं, हे मात्र मी खोटं सांगते.

मी काय काम करते ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तुझ्या अन्ननलिकेतल्या गाठीवर जे केलं, त्याच्याच पुढचं. तुझं औषध गाठीत साचलं, नळीतून लाल प्रकाश आत सोडला, की ते गाठ जाळायचं. पण ते कातडीतही रेंगाळायचं, म्हणून नंतर ऊन लागलं तर अंग भाजायची भीती. आम्ही केसाहून कितीतरी बारीक कण करतो. पानातल्या हिरव्या रंगापासून केलेलं औषध त्यात भरतो आणि वरून त्यांना रक्तातल्या तांबड्या पेशींचं कातडं चढवतो. शरीराला वाटतं, आपल्यातलंच कुणीतरी आहे. लग्नात न बोलावता जेवायला आलेल्यानं वऱ्हाड्यांसारखी टोपी घालावी ना, तसं. काम उरकलं की ते लवकर निघूनही जातात. अजून सगळं उंदरांवरच चाललंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, उंदरांची मजा हाय बाई.

तुझ्या गळ्यातून पेजसुद्धा उतरेना, तेव्हा आपण मुंबई गाठली. उपचार झाल्यावर काही दिवसांनी पेज उतरली आणि तू आणखी वाटीभर मागितलीस, तेव्हा मला जग जिंकल्यासारखं वाटलं. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं होतं. उन्हात अजिबात नेऊ नका, पण खोलीतला साधा उजेड असू द्या. त्यानंच कातडीतलं औषध हळूहळू विरतं. मी सगळं ऐकलं. एम.एस्सी. झाले होते, अर्ध्या हळकुंडानं पिवळी. घरी आल्या आल्या, पावसाळ्यात पडवीला बांधायचो ते काळं प्लास्टिक काढलं आणि तुझ्या खिडकीवर ठोकलं. भातकापणीचे दिवस, आभाळ लख्ख. शेजारच्या आबांनी हसून विचारलं, पाऊस गेला की, आता हे कशाला? मी म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय.

तू भांडली नाहीस. खळ्यावर भात झोडपल्याचा आवाज आला की तेवढं म्हणायचीस, "जरा दार उगड की. ऊन नगं मला, उजेड तरी बगू दे." मी वैतागून म्हणायचे, तुला काय कळतंय त्यातलं. आणि दार होतं तसंच राहायचं.

मग तुझी धाकटी लेक आली. तुझं दुखणं म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करावं लागलेलं. ओली बाळंतीण, कान बांधून कामशेतहून रिक्षानं आली, का तर आईला बाळाचं तोंड दाखवायचं. तिनं प्लास्टिकला हात घातला आणि मी तो धरला. डॉक्टरांनी सांगितलंय, तिलाही मी तेच ऐकवलं. तिनं चाचपडत बाळ तुझ्या मांडीवर ठेवलं. तू त्याच्या तोंडावरून बोटं फिरवत राहिलीस. "नाक माज्यावानी नकटं हाय गं," म्हणालीस आणि हसलीस. धाकटी पडवीत जाऊन रडली. दुखणं आत दुसरीकडे पसरलेलंच होतं. प्लास्टिक काढायच्या आतच तू गेलीस.

ते नकटं नाक आता त्याच कॉलेजात शिकतं. मावशीचं भाषण ठेवायचा हट्ट त्याचाच. धाकटी पुढच्या रांगेत बसेल. ती त्याला अजून सांगते, आजीला तुला बघता आलं नाही रे, औषधच तसलं होतं. मी शेजारी बसून मान डोलावते. लाज कशी वाटत नाही तुला, असं तू विचारलं असतंस. वाटते, आई.

इतकी वर्षं मी स्वतःला बजावलं की काळजीपोटी झालं. कसली काळजी! मुंबईहून परतताना खंडाळ्याच्या बोगद्यातून गाडी बाहेर आली आणि तुझ्या तोंडावर लख्ख उजेड पडला. गाल आत गेलेले, दात पुढे आलेले, डोळे माझ्याकडेच लागलेले. मला बघवलं नाही. अंधारात तुझा नुसता आवाज असायचा आणि तो पूर्वीसारखाच होता. तेवढ्यासाठी मी खिडकीवर ते प्लास्टिक ठोकलं.

हे सगळं खरं तर धाकटीला लिहायला हवं होतं. तुला लिहिलं, कारण तुला लिहिलेलं कुणाच्या हातात द्यावं लागत नाही.