जांभळाचा नवा माल

सेक्टर १०, भिलाई
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय हिराताईस,
धाकटीचा मनापासून जयभीम.

आम्ही इकडं बरे आहो. तुझे गुडघे कसे आहेत? थंडी भल्ली पडून राहिली, पहाटे नळाले हात लावला की जीव जाते. प्रफुलराव स्वेटरवर शाल घेऊन ड्युटीवर जातात, अन् गेटवर मित्र दिसले की शाल पिशवीत कोंबतात.

फोन सोडून पत्र कावून लिहून राहिली, असं तुले वाटंल. फोनवर तू अर्धं ऐकून कापतेस अन् उरलेल्या अर्ध्यावर महिनाभर रडतेस. म्हणून लिहून राहिली. पहिले खाली बस. पुरं वाच, मग मले काय बोलायचं ते बोल.

काल आम्ही पायलच्या फॅक्टरीत गेलो होतो. रसमड्याच्या पुढं आहे. चंद्राकर म्हणून इकडचंच घर, मायबाप, दोन पोरं, सुना, सारे मिळून चालवतात. तुले जेवढं माहीत तेवढंच मले बी माहीत होतं. फळाची फॅक्टरी, अन् तुझी पायल तिथं लॅबमध्ये. परवा चंद्राकर बाईचा मलेच फोन. "दीदी, जामुन का नया माल तैयार है, चखने आइए, सबके घरवाले आ रहे हैं." मी समजली सरबत! अवं, मी तर घरून रिकामी बाटली बी नेली, देतील थोडं म्हणून.

गेटवर आमाले पाहून पायलचं तोंडच उतरलं. "मावशी, तुमाले कोणं बोलावलं?" म्हणे. मले असा राग आला! दोन वर्षं माझ्या घरी राहून राहिली, अन् लोकाईसमोर असं बोलते पोट्टी.

आत मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या, टेबलावर पांढरी चादर, त्यावर काचेचे पेले. भिंतीवर काहीतरी फ्रेम करून हार घातलेलं. चंद्राकर बाई म्हणे, "दीदी, आप बड़ी हैं, शुरुआत आप ही कर दीजिए प्रार्थना से." आता मले कोणी असं म्हटलं का झालं. महिला मंडळाची अध्यक्ष आहो मी. कोणाचं दुकान उघडो, कोणाच्या पोराचं नाव ठेवो, आपलं त्रिशरण-पंचशील ठरलेलं. हात जोडले अन् खड्या आवाजात सुरू केलं. प्रफुलराव अन् पायल माझ्यासंग. चंद्राकराचं सारं घर हात जोडून उभं. पाचवं शील, दारूपासून दूर राहीन हे, मी तर नेहमी जोर देऊन म्हणते. तुझे गुलाबभाऊजी दारूपायी गेल्यापासून जास्तच. त्याच ठिकाणी पायलचा आवाज बंद झाला. मले वाटलं, घसा धरला असंल.

मग चंद्राकर बाबूनं टाकीची तोटी उघडली, पेल्यात जांभळा रस घेतला, अन् माझ्यापुढं धरून म्हणे, "लीजिए दीदी, हमारी पहली वाइन."

ताई, माझे हात जोडलेलेच राहिले. दारू! मी दारूच्या टाक्याईपुढं उभं राहून पंचशील घेतलं! ते फ्रेममधलं नीट वाचलं तर सरकारचं लायसन. मी फुलं वाहिली असती त्याले, एवढीच कसर राहिली होती. अन् ते लोक काही हसले नाही, बिचारे श्रद्धेनं उभे होते. त्यानं मले अजूनच मेल्यासारखं झालं.

"ही बनवली कोणं?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. चंद्राकर बाईनं पायलच्या पाठीवर हात ठेवला. "और कौन? इसी ने. हमारी पायल ने."



आमचे प्रफुलराव काय म्हणाले माहीत आहे? "जांभूळ तर शुगरले चांगलं असते." अन् पेला रिकामा! कालपासून मी त्याईच्याशी बोलली नाही. आता लिहायलेच बसली तर हे बी लिहिते. मी एक घोट घेतला. रागात घेतला, थुंकून टाकीन म्हणून, पण गिळल्या गेला. वाईट नव्हती. असं लिहिताना मले लाज वाटून राहिली, पण खोटं कशाले लिहू.

पायल नाही गिळत. हे तू दोनदा वाच. तिनं पेला नाकाशी धरला, डोळे मिटले, घोट तोंडात फिरवला अन् बादलीत थुंकला. "दूसरी टंकी में सिरका चढ़ रहा है, उसको अलग कर दीजिए," म्हणे. त्या टाकीतला माल आंबून व्हिनेगर होऊन राहिला, हे तोवर कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. चंद्राकर बाई म्हणे, पोरगी आली तेव्हापासून एक थेंब पोटात जाऊ देत नाही, पण नाक असं का मशीन मागं पडते. "बेटा, ये नाक पाया कहाँ से?" तिनं विचारलं. पायल म्हणे, "घर में."

त्या बोलण्याचं मी मागून लिहिते. 

मी तिले बाहेर ओढलं, गेटजवळ. "पंचशील म्हणताना तोंड कावून बंद केलं?" तर म्हणे, "मावशी, खोटं बोलणार नाही हे चौथं शील त्याच्या पहिलेच घेतलं ना. मग पाचवं कसं म्हणू?" मी म्हटलं, "असं? अन् आईले वर्षभर काय सांगितलं? तेव्हा चौथं कुठं गेलं होतं?" तशी ती रस्त्यावरच रडली. म्हणे, "शुक्रवारी पुलगावले जाते अन् आईले तोंडावर सांगते. आई सोड म्हणंल तर दुसऱ्या दिवशी काम सोडते. पण हे काम मले येते, मावशी. मले दुसरं एवढं काहीच येत नाही."

आता ते नाकाचं लिहिते.

भाऊजी संध्याकाळी घरी आले की तू पायलले म्हणायचीस, "जा, बाबाच्या गळ्यात पड, अन् तोंडाचा वास घेऊन ये." दारात उभी राहून वाट पाहायचीस. तुझं बी काय चुकलं होतं, तुले भाकरी टाकायची का रात्रभर जागायचं ते ठरवा लागे. लेकरू येऊन तुझ्या कानात सांगे. पुढं पुढं तर मोहाची का देशी, हे बी सांगे. काल ऑटोत मले म्हणे, "मावशी, वास घ्यायचा नसता तर बाबाच्या गळ्यात पडाले मले कोणी पाठवलं नसतं. म्हणून मी कधीकधी वास असला तरी आईले म्हणत होती, वास नाही. तेवढा वेळ मले बाबाजवळ अजून बसाले भेटे."



ती शुक्रवारी येईल. काम सोड म्हणायचं असंल तर म्हण, तू आई आहेस, मी मधात पडणार नाही. पण दारात ती तुझ्या गळ्यात पडंल, तेव्हा वास घेऊ नको. नुसती धरून ठेव.

तुझी
ललिता