भरल्या बोटीचं भोक

मंगळवार, दिवेलागण

तळ कोरडा. दोनदा हात फिरवून बघितला, कोरडाच.

चार दिवस मी फळ्यांना शिव्या देत होतो. सुताराकडून फटींत पुन्हा कापूस ठोकून घेतला. तरी बर्फ भरून सातपाटीहून निघालो की इंजीनखाली घोटाभर पाणी. पंपाने उपसून पंप बंद केला की पुन्हा तेवढंच. खोल समुद्रात इंजीन बुडलं असतं तर?

आज सकाळी बायको बंदरावर डबा घेऊन आली. बर्फ भरून झाला होता. धक्क्यावरूनच म्हणाली, "अवो, पंपाचं भोक पान्याखाली गेलंय. त्यातनंच पानी उलटं आत येतंय."

पंपाचं पाणी बाहेर टाकायला ते भोक मीच पाडलेलं. पाण्याच्या वर वीतभर, पण बोट रिकामी असताना. भरल्यावर बोट खाली बसते, हे मला कळू नये? आणि बोटीचा तांडेल म्हणून मिरवतो.

"बाजारात नेताना मी मासळीची टोपली भरल्यावर तोलते, रिकामी नाय," ती म्हणाली.

आजची फेरी सोडली. ओहोटीला बोट चिखलावर टेकली तेव्हा जुनं भोक बुजवलं, नवं हातभर वर पाडलं, नळीला आधी उंच वळसा दिला. भरती आली, बर्फाने भरलेली बोट तरंगली. पंप बंद करून तासभर बसलो. कोरडा.

बंदरावर सगळ्यांना सांगितलं, मीच शोधलं. घरी आलो तर शेजारची काकू दारातून म्हणते, "काय तांडेल, टोपली कधी उचलताव?"

बोटीचं भोक बुजलं. बायकोने बाजारात माझ्या बढाईला पाडलेलं कसं बुजवू?