अलगद उतरण्याचा हट्ट

२ जून

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

तुझी कॅप्टनची परीक्षा जवळ आल्याचं आईकडून कळलं. तू कळवलं नाहीस, असो. आम्ही खुशाल. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवतो आणि संध्याकाळी माळ्यावरच्या खोलीत कॉम्प्युटरवर विमान उतरवतो. हसू नकोस. खुर्ची, पेडल, तीन पडदे, सगळं तुमच्यासारखं! किती जोरात टेकलं त्याचा आकडा पडद्यावर येतो. काल तो इतका लहान आला की तुझी वहिनीसुद्धा बघायला वर आली.

आई गेल्या खेपेला तुझ्या विमानातून आली, तर म्हणे पाठीचा मणका हलला. म्हणजे तुझ्यापेक्षा मी बरा! रंग ओळखता येत नाहीत म्हणून पायलटच्या तपासणीत डॉक्टरांनी मला परत पाठवलं, नाहीतर त्या खुर्चीत आज मीच असतो. राग मानू नकोस.

लोभ असू दे.
तुझा दादा

१९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नापास झाले. आईला सांगू नकोस.

तुझं पत्र डोक्यात भुणभुणत होतं. हा माळ्यावर बसून अलगद उतरतो आणि मी आपटते? हेवा वाटला रे, तुझ्या खेळण्यातल्या विमानाचा! धावपट्टी ओली होती. ओल्या पट्टीवर विमान ठामपणे टेकवायचं, म्हणजे चाकं पकड घेतात. मी मात्र अलगद टेकवायला विमानाचं नाक वर धरून बसले. तुझं पडद्यावरचं विमान शहाण्यासारखं खाली बसत असेल, खरं विमान जमिनीजवळच्या हवेवर तरंगत राहतं. पट्टी संपत आली, तेव्हा परीक्षकांनी माझ्या हातातून विमान घेऊन परत वर नेलं.

आता ५ जुलैच्या सकाळच्या फेरीला शेवटची संधी. ती हुकली की कायमची उजव्या खुर्चीत, दुसऱ्याच्या हाताखाली. तुझे आकडे पुन्हा कळवू नकोस.

कळावे.
बुटकी

६ जुलै

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

खोटं कशाला बोलू, तुझं पत्र वाचून आधी बरं वाटलं. मग जेवण जाईना. वहिनीने माझी चांगलीच खरडपट्टी काढली.

तुला न सांगता कालच्या फेरीचं तिकीट काढलं आणि अगदी मागे बसलो. पट्टी ओलीच होती. जमीन जवळ आली तशी खुर्ची खालून निसटल्यासारखी झाली. माळ्यावरची खुर्ची कधी हलत नाही गं! नाक वर घ्यायला माझे हात आपोआप मागे ओढले गेले. मी असतो तर नक्कीच तरंगत गेलो असतो. तू नाही ओढलंस. धाडकन टेकवलंस.

शेजारचे गृहस्थ म्हणाले, पायलट नवशिका दिसतोय. माझं डोकंच फिरलं. ती माझी बहीण आहे, ओल्या पट्टीवर असंच उतरवतात, कळत नसेल तर गप्प बसा, असं त्यांना सुनावलं. अख्खी रांग वळून बघत होती.

उतरलो मात्र मागच्या दाराने. गणवेशातली तू बघवली नसतीस. हेवा अजून आहेच, काय करू?

निकाल कळव. नापास केलं असेल तर परीक्षकांशीही भांडेन.

तुझा दादा

१० जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पास! डावी खुर्ची मिळाली. आईला आता खुशाल सांग.

परीक्षक म्हणाले, उतरवलं छान, पण मागे कोणी प्रवासी भांडत होता अशी तक्रार आली आहे. मी म्हटलं, तो माझा दादा. खिडकीतून तुला पाहिलं होतं, भिजत, मान खाली घालून चालला होतास.

पुढल्या वेळी समोरच्या दाराने उतर.

लोभ वाढवावा. हेवा थोडा ठेवलास तरी चालेल.
तुझी बुटकी