बांडगुळाचा लेप

२ नोव्हेंबर
आले बाई एकदाची गास गावात! मनवेलपाड्यातल्या त्या कोंदट खोलीला कायमचा रामराम. इथे खिडकी उघडली की केळी, मोगरा, नागवेली. आणि शाळेपासूनची माझी स्वप्ना आपल्या सासरच्या वाडीत मला नोकरी देते म्हणजे देवच पावला. संधिवाताने माझी बोटं गाजरासारखी सुजलेली. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून मला गोड बोलून घरी पाठवलं होतं. स्वप्ना म्हणाली, अश्लेषा, तुझं डोकं हवंय, बोटांचं आपण बघू. मला रडूच फुटलं.

तिच्या सासऱ्यांनी, नरहरीकाकांनी, सह्याद्रीच्या सदाहरित रानातून एक बांडगूळ आणून वाडीतल्या झाडांवर वाढवलंय. त्याचा अर्क सूज किती उतरवतो, पेशींची झीज किती थांबवतो, ते मी तपासायचं.

५ नोव्हेंबर
काय अर्क आहे! अँटिऑक्सिडंटच्या चाचणीतलं जांभळं द्रावण बघता बघता पिवळं पडलं. अर्कात बुडवलेली सफरचंदाची फोड संध्याकाळपर्यंत पांढरीच. काकांचं शास्त्र निराळं. बांडगूळ ज्यावर वाढतं त्याचंच औषध होतं म्हणे. चिकूवरचं चिकूच्या रोगाला, आंब्यावरचं आंब्याला. मी मान डोलावली आणि मनात हसले. बांडगूळ बसवण्याआधी काका झाडाला हळदकुंकू लावून त्याची ओटी भरतात. झाड आता दुसऱ्याला पोसणार, म्हणून त्याचा मान. किती गोड चाल!

स्वप्नाचा नवरा तेजस. त्याचा कणा आखडलाय, फळीसारखा ताठ झालाय. जेवतोही उभ्यानेच. स्वप्ना त्याच्या पायात बूट घालते आणि वर माझ्याशी हसून बोलते. वाघीण आहे माझी मैत्रीण.

९ नोव्हेंबर
स्वप्ना रोज सकाळी अर्काचा काढा करून देते. तपासण्या पुऱ्या होण्याआधी माणसाने घ्यायचा नसतो, हे मला कळत नाही का? पण बोटं वळायला लागल्यावर कसला नियम नि कसलं काय! आज पेनाचं टोपण माझं मी उघडलं. तिच्या गळ्यात पडून नाचले.

१२ नोव्हेंबर
गंमतच. स्वप्नाने आज माझी ओटी भरली. मी म्हटलं, अगं, माझं लग्न कुठे झालंय, कुमारिकेची ओटी कोण भरतं? ती म्हणाली, घरचीच आहेस, राहू दे. तिचे डोळे भरून आले होते. किती जीव लावते वेडी!

दुपारी काकांना मदत करताना त्यांचा कलमाचा चाकू माझ्या डाव्या मनगटाला लागला. चांगलाच खोल. स्वप्ना धावत आली, जखमेत बांडगुळाचा चिकट लेप भरला आणि वरून कलमाला बांधतात ती प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली.

१६ नोव्हेंबर
जखम ना सुजली, ना लाल झाली, ना ठणकली. औषधाचा जिवंत पुरावा! पट्टी मात्र सोडू नको म्हणते स्वप्ना. मी कशाला सोडतेय.

१९ नोव्हेंबर
आत टोचत होतं म्हणून सोडली. दोन पानं. बारीक, तजेलदार. ओढली तर कोपरापर्यंत शीर ताणली गेली.

अजूनही सूज नाही. सूज म्हणजे घरात चोर शिरल्यावर शरीराने केलेली आरडाओरड. काढ्याने तीच गप्प केली, आणि मी नाचत होते. गाढव मी, गाढव!

२१ नोव्हेंबर
जाब विचारला. तिने नाकारलं नाही. झाडावरच्याने नुसती सूज उतरते, कणा सुटत नाही; माणसाचं औषध हवं तर माणसावरच वाढवायला हवं, म्हणाली. तेजससाठी. तुझ्यामागे रडणारं तरी कोण आहे, म्हणाली. माझ्या डब्यातलं खाऊन मोठी झालेली ही! केसाने गळा कापला.

फोन तिने काढून घेतला. पळायला निघाले, पण अंगणातच पाय जड झाले. मातीला टेकला की उचलवेना.

२२ नोव्हेंबर
माझी पानं खुडून नेली. संध्याकाळी तेजस वाकला. स्वतः बूट घातले त्याने. सगळे रडत होते, आनंदाने.

२३ नोव्हेंबर
काढा मोरीत ओतला. ताप येऊ दे, सूज येऊ दे, बोटं आखडू देत. देवा, दुखू दे मला! पण भातालाही तोच वास —

२५ नोव्हेंबर
कुंपणापलीकडे शेजारची उर्सुलामावशी दिसली. जीव खाऊन हाक मारली. स्वप्नाने तिला सांगितलं, चिकनगुनिया झालाय, तापात बरळते. मावशी कळवळली, बरी होशील गो बाय म्हणाली, प्रार्थना करीन म्हणाली. गेली.

२७ नोव्हेंबर
खिडकीपाशी बसवलंय. उन्हात. ऊन बरं वाटतं — का बरं वाटतं? खांद्यावर कळी आहे. बोटं सुरेख चालतात. काही दुखत नाही. काहीच —

२८ नोव्हेंबर
तहान. घसा — हाक मारली. अजूनही तिचंच नाव येतं तोंडात, मेलं. आली. रडतेय. पेला नाही हातात, बादली — तोंडाशी धर गं — स्वप्ना, तोंडाशी — ती खाली बसली, माझ्या पायांशी ओत